निकालासाठी ठेवलेला दावा

वेंगुर्ले
१२ जानेवारी २०२५

श्रीमती नूरबानू मुकादम यांस,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव कदाचित तुम्हाला आठवणार नाही. धुक्यात मालवाहू बार्जची धडक बसून बोट फुटली, त्यात गेलेला तुमचा मुलगा वासिफ याच्या मृत्यूबद्दलचा दावा अलिबागच्या दिवाणी न्यायालयात ज्याच्यापुढे चालला, तो न्यायाधीश मी. २०१७ पासून जून २०१९ पर्यंत मी तिथे होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि आता वेंगुर्ल्याला बहिणीकडे राहतो.

पत्राचं कारण सांगतो. मोठ्या, किचकट व्यापारी दाव्यांसाठी वेगळी न्यायालयं असतात. त्यांच्यासाठी नव्याने निवडलेल्या न्यायाधीशांपुढे मी मार्चमध्ये व्याख्यान द्यावं, असं बोलावणं आलं. अशा न्यायालयासाठी न्यायाधीश कसा निवडतात, त्याच्यात काय पाहतात, हा विषय. मी स्वतः तसाच निवडला गेलो होतो, म्हणून मला विचारलं. तयारीसाठी जुन्या डायऱ्या काढल्या, तर जून २०१९ च्या एका पानावर तुमच्या दाव्याचा क्रमांक दिसला. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'निकाल २८ तारखेला.'

तो निकाल मी दिला नाही. त्याच्या आठवडाभर आधी नव्या न्यायालयासाठी माझी निवड झाली आणि मला जावं लागलं. पुढे काय झालं ते इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं. परवा न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहिलं. माझ्या जागी आलेल्या न्यायाधीशांनी २०२१ मध्ये दावा फेटाळला. बोटीवरून वाचलेला एकच माणूस, खलाशी नामा कोळी. सुकाणूवर बसलेला तांडेल वासिफ जागा होता हे त्याने स्वतः पाहिलं नव्हतं, असं कारण निकालात दिलं आहे. पुढे अपील झालेलं दिसत नाही.

त्यांच्यापुढे फक्त कागद होते. त्या कागदांवरून दुसरा निकाल देणं अवघड होतं. तरी वाचून मला वाईट वाटलं, आणि ते तुम्हाला कळवावंसं वाटलं. नामा कसा आहे?

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आपला,
हरेश्वर सामंत


काशीद
२ फेब्रुवारी २०२५

जजसाहेबांना नूरबानूचा सलाम.

पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा वाटलं, कोर्टाचं परत काहीतरी निघालं. माझी पुतणी अरिबा हिने वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून स्वतः दोनदा वाचलं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेय, हे पत्र माझं मीच लिहितेय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

तुम्ही आठवत नाही असं कसं होईल साहेब. नामाची साक्ष होती तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. तुम्ही शिपायाला सांगून त्याला स्टूल द्यायला लावलंत. तो बसला नाही, ती गोष्ट वेगळी. पण एवढ्या तारखांमध्ये आम्हाला बसा म्हणणारे तुम्ही एकटे.

नामा गेला. तीन वर्षं होतील. निकाल लागल्यावर तो बंदरावर यायचा बंद झाला. बोलताना तो पहिल्यापासून अडखळायचा, तुम्ही पाहिलंच आहे. नंतर त्याने बोलणंच सोडलं, मग जेवणही. त्याची बायको सांगत होती, एकदाच म्हणाला, "माज्या जिभेनं त्या पोराचं नाव घालवलं." मी दोनदा त्याच्या घरी गेले. नामा, तुझी काही चूक नाही, असं सांगितलं. तो भिंतीकडे बघत बसून राहिला.

आणखी एक सांगते. २०१४ साली त्या बोटीवर वासिफबरोबर हिरामणही बुडाला. त्याची आई नीराबाई माझ्यापासून चौथ्या घरात राहते. आमची पोरं एका ताटात जेवलेली. ती मासळी घेऊन आली की पहिली टोपली माझ्या ओट्यावर उतरायची. पण बार्जवाल्यांनी सांगितलं की तांडेल झोपला होता, म्हणून बोट धुक्यात आडवी गेली. नीराबाईने तेच धरून ठेवलं आणि माझ्याकडे येणं सोडलं. दावा लावला तेव्हा मी तिला विचारलं होतं, कोर्टाने सांगितलं तर मानशील ना? ती म्हणाली, मानीन. मग कोर्टाने काय सांगितलं ते तुम्ही वाचलंच आहे. तेव्हापासून रस्त्यात मी दिसले की ती पदर पुढे ओढते.

भरपाई वकिलांनी अर्जात घातली होती. मला एवढंच हवं होतं की माझा मुलगा झोपला नव्हता, असं कोणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं.

इथे तेव्हा सगळे म्हणत होते की बार्जवाल्यांनी वरून दाब आणून तुम्हाला हलवलं. आमचे वकीलही म्हणाले, चांगला माणूस होता, टिकू दिला नाही. साहेब, आमच्यापायी तुमच्या नोकरीला त्रास झाला म्हणून मी दर जुम्म्याला तुमच्यासाठी दुआ मागते. सहा वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

एकच विचारते. तुम्ही राहिला असता, तर काय लिहिलं असतं?

नूरबानू


वेंगुर्ले
२० फेब्रुवारी २०२५

नूरबानूबाई,

तुमचं पत्र येऊन दहा दिवस झाले. व्याख्यानाला मी येत नाही असं कळवून टाकलं आहे. तुम्हाला काय लिहायचं हे ठरवायला जास्त वेळ लागला.

मला कोणी हलवलं नाही. मी स्वतः अर्ज केला होता.

त्या वर्षी नव्या न्यायालयासाठी आमच्यातून नावं मागवली होती. अर्जासोबत आपले दहा निकाल जोडायचे. वरिष्ठांचे गोपनीय शेरे, वर्षाला किती दावे निकाली काढले, इंग्रजी कसं आहे, करार आणि कंपनीचा कायदा किती येतो, हे सगळं बघत. त्यातून चार जणांना मुलाखतीला बोलावलं, त्यात मी होतो. तेव्हा माझं वय पंचावन्न. माझ्याबरोबर नोकरीला लागलेले तिघे केव्हाच जिल्हा न्यायाधीश झाले होते. मला दोनदा डावललं होतं. ही शेवटची संधी आहे हे मला ठाऊक होतं.

मुलाखत बारा मिनिटं चालली. तीन न्यायमूर्ती होते. जहाज भाड्याने देण्याच्या करारावर प्रश्न आला, त्याचं उत्तर मी चांगलं दिलं. शेवटी मधल्या न्यायमूर्तींनी विचारलं, "नवं न्यायालय एक जुलैला सुरू करायचं आहे. तुमच्याकडे युक्तिवाद पूर्ण होऊन निकालासाठी ठेवलेलं काही आहे का?"

तुमचा दावा होता. मी तसं सांगितलं असतं, तर निकाल देऊन मगच या असं ते म्हणाले असते. तशी पद्धत आहे. पण माझ्यानंतर जो उमेदवार आत जाणार होता तो मोकळा होता, आणि ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "विशेष काही नाही."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तुमच्या बाजूने निकाल दिला असता.

नामाला बार्जच्या वकिलांनी विचारलं होतं, "तुम्ही बोटीच्या पुढच्या टोकाला होता. मागे तांडेल जागा होता हे तुम्ही पाहिलं का?" नामा म्हणाला, "पाहिलं नाही." ते मी लिहून घेतलं. मग तो पुढे काही सांगायला लागला, पण 'पन, पन' याच्यापुढे शब्द येईना. शेवटी त्याने मूठ वळली आणि साक्षीदाराच्या कठड्यावर ठोकायला लागला. दोन ठोके, थोडं थांबून परत दोन. मी समुद्रकाठचा माणूस. धुक्यात बोटवाले पत्र्याचा डबा वाजवतात, म्हणजे दुसऱ्याला कळावं की इथे कोणी आहे. बार्जने भोंगा दिला नव्हता. वासिफ मागे डबा वाजवत होता, आणि बोट फुटेपर्यंत नामाला तो ऐकू येत होता. झोपलेला माणूस डबा वाजवत नाही.

वकील हसून म्हणाले, "उत्तर आलंय, पुढचा प्रश्न." मी नामाला थांबवून विचारायला हवं होतं, की बाबा, हे ठोके कसले. ते लिहून घ्यायला हवं होतं. साक्षीदार कसा वागला हेसुद्धा आम्हाला नोंदवता येतं. मी विचार केला, निकाल मलाच लिहायचा आहे, माझ्या लक्षात राहील. फक्त माझ्या डायरीत लिहिलं, 'ना. को. खरं बोलतो. डबा वाजत होता.' ती डायरी माझ्याबरोबर मुंबईला गेली. माझ्या जागी आलेल्या न्यायाधीशांना मिळालं ते एवढंच, 'पाहिलं नाही.'

नामा गेला हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्याबद्दल मी काय लिहू.

माझ्यासाठी दुआ मागू नका.

हरेश्वर सामंत


काशीद
९ जून २०२५

सामंतसाहेब,

तुमचं पत्र रमजानच्या आदल्या दिवशी आलं. रोजे सुरू होते, मन मैलं करायचं नव्हतं, म्हणून पेटीत ठेवून दिलं. ईद झाली. मग दोनदा लिहिलं आणि फाडून टाकलं.

दुआ मी बंद केली. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही.

ते ठोके मीही पाहिले होते. मी मागच्या बाकावर होते. नामा काय सांगतोय ते मला लगेच कळलं. मला वाटलं, जजसाहेबांनाही कळलं, त्यांचा चेहराच तसा झालाय. आमच्या वकिलांना कळलं नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, ते म्हणाले, काळजी करू नका, जज हुशार आहेत. घरी आल्यावर नीराबाईलाही सांगितलं. ती म्हणाली, "तू त्याची आई. तू आनखी काय सांगशील."

नामाच्या बायकोला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, हे त्याला कळलं असतं तर तो जेवला असता.

मी खूप विचार केला. कोर्टाचा निकाल आता बदलत नाही, हे अरिबाने मला समजावलंय. पण नीराबाई आहे. माझं ती ऐकणार नाही. तुम्ही ती खुर्ची सोडली असेल, तरी त्या खुर्चीवर बसलेला माणूस तुम्हीच. तुम्ही काशीदला या. तिच्या घरी जाऊन, तिच्या समोर बसून सांगा की वासिफ जागा होता. तुम्ही जे मला लिहिलंत तेच तिला सांगा.

मुंबईची गाडी पकडा, रोह्याला उतरा. तिथून पुढची एसटी अरिबा विचारून ठेवेल.

नूरबानू


वेंगुर्ले
२१ जून २०२५

नूरबानूबाई,

तुमचं म्हणणं मी टाळत नाही, पण अडचण सांगतो. ज्या दाव्याचा निकाल दुसऱ्या न्यायाधीशांनी दिला आहे, त्याबद्दल मी एखाद्याच्या घरी जाऊन 'खरा निकाल असा होता' असं सांगणं योग्य होणार नाही. मी निवृत्त असलो तरी काही मर्यादा पाळाव्या लागतात. गावात त्याची चर्चा होईल, कोणीतरी ते छापेल, आणि त्या न्यायाधीशांवर बोट दाखवलं जाईल. त्यांचा दोष नव्हता.

तुम्ही समजून घ्याल अशी आशा आहे. माझं हे पत्र तुम्ही नीराबाईंना दाखवू शकता.

हरेश्वर सामंत


काशीद
३० जून २०२५

सामंतसाहेब,

नीराबाईला वाचता येत नाही. आणि तुमचं पत्र मी वाचून दाखवणार, म्हणजे परत मीच सांगितल्यासारखं.

तुम्हाला तेव्हा कोर्टात सांगता आलं नाही, आता घरी येऊन सांगता येत नाही. मग मला तरी कशाला सांगितलंत? जानेवारीपर्यंत मला वाटत होतं, आमच्यासाठी एक माणूस भांडला आणि हरला. ते तुम्ही काढून घेतलंत. त्याच्या जागी काय दिलंत?

नूरबानू


वेंगुर्ले
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय नूरबानूबाई,

काशीदहून काल सुखरूप पोचलो. अरिबाने एसटीत बसवून दिलं, खिडकीची जागाही मिळवून दिली, तिला माझे आशीर्वाद सांगा.

तुम्ही नीराबाईंच्या दारापर्यंत आलात आणि बाहेरच थांबलात, म्हणून आत काय झालं ते लिहितो. त्या दिवशी गर्दीत ते सांगायचं राहिलं.

त्या जमिनीवर बसल्या होत्या, सूपभर सुकट निवडत होत्या. त्यांच्या सूनबाई हेमाली यांनी मला खुर्ची दिली. मी खालीच बसलो. मी कोण ते सांगितलं. नामाने कठड्यावर कसं ठोकलं ते त्यांच्या जमिनीवर ठोकून दाखवलं. म्हटलं, "बाई, वासिफ झोपला नव्हता. तो शेवटपर्यंत डबा वाजवत होता. बार्जनेच भोंगा दिला नाही. तुमच्या मुलाला वासिफने बुडवलं नाही."

त्यांचे हात थांबले. मला म्हणाल्या, "तू जज हायस ना? मंग तवा का न्हाय बोललास?"

मी म्हटलं, "मला दुसरी खुर्ची पाहिजे होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या कुणाच्याही डोळ्यांत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मी कोण, कुठून आलो, हे पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. एवढा धक्का बसल्यावर माणूस गोंधळणारच. त्यानंतर त्या उठल्या आणि अनवाणी बाहेर आल्या. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमचे दोन्ही हात धरून त्या 'नूरी, नूरी' एवढंच म्हणत होत्या. सगळी आळी बघत होती. मी ओट्याच्या कडेला उभा होतो आणि माझ्याने तिथे थांबवेना.

नामासाठी मला काही करता आलं नाही. पण तुम्हा दोघींचं नातं परत जुळलं, एवढं एक काम माझ्या हातून पुरं झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला जरा हलकं वाटतंय. तुम्ही मला ओढून नेलंत, त्याबद्दल तुमचे उपकार मानतो.

तुम्हा दोघींची खुशाली कळवा.

हरेश्वर सामंत


काशीद
२२ डिसेंबर २०२५

सामंतसाहेब,

उत्तराला उशीर झाला. तुम्हाला हे लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. पण तुम्ही मला खरं लिहिलंत, मग मीही लिहिते.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी नीराबाई सकाळीच आली. माझ्या ओट्यावर बसली. मी चहा केला. हिरामण लहानपणी माझ्या घरच्या शेवया खायला ईदच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर असायचा, ते तिने काढलं. आम्ही हसलोसुद्धा. तीन दिवस ती रोज आली. अकरा वर्षांचं बोलायचं होतं.

चौथ्या दिवशी ती मला पाणवठ्याच्या रस्त्यावर दिसली. मी हाक मारली. तिने पदर पुढे ओढला आणि निघून गेली.

मी हेमालीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "काकी, तुम्हाला म्हाईत न्हाय? दोन वर्षं झाली, आईंच्या ध्यानात नवं काय ऱ्हात न्हाय." अलिबागच्या डॉक्टरांना दाखवलंय. त्यांनी सांगितलं, जुनं राहील, नवं पुसलं जाईल, आणि हे वाढत जाईल. तिने तुम्हाला दोनदा कोण म्हणून विचारलं ते याच्यामुळे. इतकी वर्षं बोलणंच नव्हतं, म्हणून चौथ्या घरातलं मला कळलं नाही. वासिफवरचा राग जुना आहे, तो तिच्याजवळ आहे. तुम्ही येऊन गेलात ते नाही.

मी परत तिच्या घरी गेले आणि तुम्ही जे सांगितलंत ते सगळं सांगितलं, जमिनीवर ठोकूनसुद्धा. कसं कोण जाणे, या वेळी तिने ऐकून घेतलं. तुमच्या येण्याचं काहीतरी आत कुठे राहिलं असेल. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडली. "मी त्या पोराला मेल्यावर शिव्या दिल्या गो नूरी," म्हणत स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मी हात धरले. दोन दिवसांनी ते सगळं गेलं. मग मी आणखी एकदा सांगितलं. नंतर आणखी एकदा. प्रत्येक वेळी ती तितकीच रडायची आणि स्वतःला मारून घ्यायची.

मागच्या महिन्यात हेमाली माझ्याकडे आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "काकी, रागवू नका. तुम्ही सांगून जाता, मंग आई दोन दोन दिवस जेवत न्हायत. का रडतात ते त्यांना आठवत न्हाय, पन रडत ऱ्हातात. तुमच्यावर राग असतो तवा त्या बऱ्या असतात."

२०१९ मध्ये ती ठणठणीत होती साहेब. गावात कोणाच्या घरी कुठली मासळी लागते, ते तिला पाठ होतं. तेव्हा कोर्टाने सांगितलं असतं, तर तिने आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही खुशाली विचारलीत.

तुम्हाला हलकं वाटतंय असं तुम्ही लिहिलंत. ते राहू द्या. नीराबाईच्या जमिनीवर बसायला तुम्ही आलात, तेवढं मी मानते. पण यापुढे पत्र लिहू नका. उत्तर द्यायला माझ्याजवळ आता काही नाही.

मी तिला सांगणं सोडलंय.

परवा बाजारातून येताना ती समोरून आली. या वेळी तिने पदर ओढला नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुज्या पोरानं माज्या पोराला बुडवला."

मी म्हटलं, "व्हय नीरा."

ती शांत झाली आणि घरी गेली.

नूरबानू